माळ्यावर सापडलेली ट्रामची पाटी: खरी आहे का, आणि तिचं करायचं काय?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: आईच्या माहेरचं परळचं घर रिकामं करताना माळ्यावर एक ट्रंक सापडली. आजोबा ट्रामवर कंडक्टर होते. ट्रंकेत निळ्या रंगाची, पांढऱ्या अक्षरांची लोखंडी पाटी आहे. कडेला टवके उडालेत, भोकांभोवती गंज आहे. वर इंग्रजी आणि खाली 'ट्राम येथें थांबते' असं मराठीत लिहिलंय. शिवाय एक पितळी बिल्ला आणि रबरबँडने बांधलेली तिकिटं. पाटी खरी आहे का? गंज काढून रंगवून घ्यावी का? लंडनला असलेला भाऊ ती मागतोय, त्याला द्यावी का? आणि अशा वस्तू आणखी जमवायच्या तर सुरुवात कुठून करावी?

ताई, आधी एक विनंती. त्या ट्रंकेतलं काहीही एवढ्यात घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, तारेची घासणी, गंज काढायचं कुठलंही द्रावण, सगळं लांब ठेवा. गेली अठ्ठावीस वर्षं मी ट्राम, बस आणि रेल्वेच्या पाट्या, बिल्ले, तिकिटं जमवतो आहे आणि लोकांच्या वस्तू तपासून, जमेल तेवढ्या सावरून देतो आहे. गंजाने वाया गेलेल्या पाट्या मी पुष्कळ पाहिल्या, पण मायेने केलेल्या साफसफाईत गेलेल्या त्याहून जास्त पाहिल्या. त्यातली एक माझ्याच हातून गेली. ते पुढे सांगतो.

पाटी खरी की नकली हे कळायला ती बनते कशी ते माहीत हवं. तुमची पाटी इनॅमलची आहे. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. काचेची बारीक भुकटी पाण्यात कालवून पत्र्यावर चढवतात, वाळवतात आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालतात. भुकटी वितळते आणि लोखंडाला घट्ट धरते. पहिला थर काळपट निळा असतो, कारण त्यात कोबाल्ट असतं आणि काचेला लोखंडाशी बांधायचं काम तेच करतं. त्यावर पांढरा, निळा, लाल, पिवळा असे एकेक रंग येतात आणि प्रत्येक रंगासाठी पाटी पुन्हा भट्टीत जाते. अक्षरांसाठी पत्र्याचा साचा ठेवून वाळलेली भुकटी ब्रशने झाडून टाकतात, मग भाजतात. मागच्या बाजूलाही थर देतात, नाहीतर भट्टीत पत्रा वाकडा होतो.

आता तुमची पाटी हातात घ्या, डोळे मिटा आणि अक्षराच्या कडेवरून बोटाचं टोक हळूच फिरवा. निळा संपून पांढरा सुरू होतो तिथे बारीकशी पायरी लागेल, पाटावरच्या वाळलेल्या रांगोळीच्या रेघेसारखी. एक रंग दुसऱ्यावर चढलेला असतो, तो हा उंचवटा. छापलेल्या पाटीवर बोट सरळ निघून जातं. नंतर खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची बॅटरी पाटीला अगदी चिकटवून आडवी धरा. अक्षरांच्या कडा किंचित थरथरलेल्या दिसतील, एखाद्या ठिकाणी ब्रशने झाडताना राहून गेलेला पांढरा कण निळ्यात अडकलेला दिसेल. हाताने काम झाल्याच्या या खुणा आहेत.

टवक्यांकडेही नीट बघा. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत ही मोठी सोय आहे. रंगाचा पोपडा निघतो, इनॅमलचा टवका उडतो. पोपडा नखाने उचलता येतो, तो लवचीक असतो. टवक्याची कड काचेसारखी धारदार असते आणि आत पायऱ्या दिसतात: वरचा रंग, मग तो काळपट पहिला थर, मग लोखंड. तुम्ही पाठवलेल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात हे तिन्ही थर स्पष्ट दिसतात. पाटी खरी असल्याचं मी म्हणतो ते मुख्यतः त्या एका टवक्यामुळे.

दुसरं कारण मराठीत आहे. 'येथें' या शब्दावरचा अनुस्वार पाहिलात ना? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि उच्चारात नसलेले असे अनुस्वार लिहिण्यातून गेले. त्यामुळे 'येथें', 'करूं नये', 'थुंकूं नये', 'पुणें', 'ठाणें' असं लिहिलेली पाटी बहुतेक वेळा त्याआधीची असते. हा पुरावा एकटा पुरत नाही, कारण जुन्या वळणाचे रंगारी आणि कारकून नंतरही काही वर्षं अनुस्वार देत राहिले आणि हुशार नकलाकारही ते देऊ शकतो. पण नकलाकाराला बहुधा हे सुचतच नाही. तो इंग्रजीची काळजी घेतो, मराठी मात्र संगणकावरच्या फाँटमधून उचलतो. जुन्या पाट्यांवरची देवनागरी हाताने आखलेली असते. एकाच पाटीवरचे दोन 'त' तंतोतंत सारखे नसतात, काने थोडे कमी-जास्त उंचीचे असतात. तुमच्या पाटीवर 'थांबते' आणि 'ट्राम' यांतल्या म-ब च्या उभ्या रेघा मोजून बघा, हे लगेच कळेल.

तिसरी गोष्ट संस्थेचं नाव. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला सुरू झाली, ती बॉम्बे ट्रामवे कंपनीची. विजेची ट्राम ७ मे १९०७ला आली, तेव्हा बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी झाली होती. ७ ऑगस्ट १९४७ला ही कंपनी महापालिकेकडे आली, 'ट्रामवेज'चं 'ट्रान्सपोर्ट' झालं आणि 'कंपनी'च्या जागी 'अंडरटेकिंग' आलं. आद्याक्षरं तीच राहिली, म्हणून नुसत्या 'बेस्ट' या चार अक्षरांवरून काळ ठरत नाही. पाटीवर, बिल्ल्यावर किंवा तिकिटावर कुठेही 'कंपनी' किंवा 'लिमिटेड' दिसलं तर वस्तू ऑगस्ट १९४७ पूर्वीची. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. म्हणजे तुमच्या पाटीचा शेवटचा काठ तरी पक्का आहे. दादर टीटी आपण अजून म्हणतो, त्यातलं 'टीटी' म्हणजे ट्राम टर्मिनस हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

तिकिटांचा काळ ठरवणं त्याहून सोपं. किंमत आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ पूर्वीची किंवा त्याच सुमाराची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. काही काळ दोन्ही चालत होती, तेवढी सवलत ठेवा. 'न.पै.' म्हणजे नवे पैसे लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून 'नवे' हा शब्द गेला. ट्रामच त्याआधी दोन महिने बंद झाली, म्हणून ट्रामच्या तिकिटावर नुसतं 'पैसे' दिसलं तर मी दोनदा विचार करीन. आणखी एक. १८७४ला ट्राम सुरू झाली तेव्हा कुलाबा ते पायधुणी तीन आणे घेत, पण तिकीट देत नसत. फुकटे प्रवासी वाढले तेव्हा त्याच वर्षी पुढे तिकिटं आली. पहिल्या दिवसाचं तिकीट म्हणून कुणी काही विकायला आणलं तर नमस्कार करून पुढे चला.

रेल्वेच्या वस्तूंनाही असेच टप्पे आहेत. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) ही रेल्वेंची नावं ५ नोव्हेंबर १९५१ला गेली आणि मध्य व पश्चिम रेल्वे आल्या. तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला. व्ही.टी.चं नाव १९९६ मध्ये बदललं. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं, तेव्हा तिथे पाट्या उतरवतानाचे फोटो काढायला आम्ही चार-पाच जण उभे होतो. मला पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा 'जी.आय.पी. रेल्वे' अशी झकास गंजलेली पाटी दाखवली गेली. त्यावर पुण्याचं इंग्रजी स्पेलिंग आजचं होतं. जी.आय.पी.च्या काळात इंग्रजीत 'पूना' लिहीत, 'ठाना' लिहीत. मात्र इथे उलटी चूकही होते. जुन्या पाटीवर मराठीत 'मुंबई' दिसलं म्हणून ती नकली ठरवणारे भेटतात. मराठीत आपण नेहमीच मुंबई लिहीत आलो आहोत, १९९५ मध्ये बदललं ते इंग्रजी नाव.

नकली पाटीचा गंज कुठे असतो हे बघायला शिका, बाकी सगळं त्यामागून येतं. खऱ्या पाटीची झीज कारणाशिवाय नसते. पहिली जागा भोकं: स्क्रू आवळताना काच तडकते, पाणी शिरतं, गंज काचेखालून पसरतो आणि भोकाभोवती गडद तपकिरी कडं तयार होतं. दुसरी जागा खालची कड, कारण पावसाचं पाणी तिथे थांबतं. तिसरी जागा पोरांनी दगड मारलेले गोल टवके, मध्यभागातून भेगा किरणांसारख्या फुटलेल्या. नकली पाटीवर टवके सगळीकडे सारखे पसरलेले असतात, अक्षरं वाचता येतील अशी काळजी घेऊन. त्यांचा गंज नारिंगी, भुरभुरीत असतो, बोटाला लागतो. पाठ उलटून पाहिली तर तिथे थर नसतो किंवा साधा काळा रंग फासलेला असतो. वजनही बघा. १८ बाय १२ इंचांची जुनी पाटी पावणेदोन-दोन किलोच्या आसपास भरते. नकली पाटी पातळ पत्र्याची असते, हातात धरून हलवली तर डबडब वाजते.

तुमच्या पाटीच्या अगदी खालच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत काही आहे का ते भिंगातून पाहा. बनवणाऱ्या कारखान्याचं नाव तिथे असायचं. इंग्रजी अमदानीतल्या अनेक पाट्या इंग्लंडमध्ये भाजून आलेल्या असत. बर्मिंगहॅमजवळच्या सेली ओक इथल्या पेटंट इनॅमल कंपनीचं नाव त्यात ठळक. परळच्या माळ्यावरची मराठी अक्षरं देवनागरी न येणाऱ्या एखाद्या कारागिराने नकाशासारखी समोर ठेवून कापली असतील, ही कल्पना मला आजही हलवून जाते. अशा पाट्यांवर कधी काना तुटलेला, कधी मात्रा भलतीकडे गेलेली सापडते. ती चूक दुरुस्त करायचा विचारही मनात आणू नका.

आता साफसफाई. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी, जुन्या मलमलीचा किंवा सुती साडीचा तुकडा. फडकं पिळून घ्या, पाटी बुडवू नका. भोकांपासून आणि टवक्यांपासून लांब राहून मधला भाग पुसा, लगेच कोरडा करा, मग तासभर पंख्याखाली ठेवा. साठ वर्षांची धूळ आणि काजळी एवढ्यानेच निघते आणि खालची काच कालच भट्टीतून आल्यासारखी चमकते. काचेचा रंग उन्हाने उडत नाही, हेच इनॅमलचं मोठेपण. चुन्याचे किंवा डिस्टेंपरचे शिंतोडे असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवून बांबूच्या दातकोरणीने अलगद उचला. लोखंडी सुरी नको.

उघड्या लोखंडावरच्या गंजासाठी सुटी झालेली पूड तेवढी मऊ ब्रशने झाडायची. घट्ट बसलेला काळपट गंज तसाच राहू द्यायचा, तो खालच्या लोखंडाला थोडाफार आडोसाच देतो. फार सक्रिय गंज असेल तर टॅनिक ॲसिडचं सौम्य द्रावण बारीक कुंचल्याने फक्त गंजावर लावतात. त्याने गंजाचं काळ्या, स्थिर थरात रूपांतर होतं. पण हे पहिल्याच पाटीवर करू नका, एखाद्या गंजक्या पत्र्याच्या तुकड्यावर हात बसवा. शेवटी रंगहीन मेण, ज्यात घासणारी पूड नाही असं, पातळ लावून मऊ कापडाने फिरवायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा मेणाचा थर मेच्या शेवटी पुन्हा द्यावा लागतो. मी तो माझ्या सगळ्या पाट्यांना देतो, दोन रविवार जातात.

माझ्या हातून गेलेली पाटी लाल होती, रेल्वे फाटकाजवळची सूचना. तेव्हा मी नवखा होतो. न्हाणीघर धुवायचं ॲसिड कापसाने लावलं. गंज क्षणात गेला, मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी लाल रंगाची झिलई शाळेच्या दगडी पाटीसारखी मलूल झालेली होती, कारण लाल-पिवळे थर ॲसिडला फार कच्चे असतात. आणि जे ॲसिड टवक्यांच्या कडेने काचेखाली शिरलं ते पाण्याने धुऊन निघालंच नाही. पुढच्या श्रावणापर्यंत त्या कडेने तळहाताएवढी काच उचलून आली. ती पाटी मी विकली नाही, ती माझ्या कामाच्या टेबलावर आहे. कुणी ॲसिडबद्दल विचारलं की हातात देतो.

रंगवून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नको. टवक्यावर ऑइल पेंट भरला की तो वर्षभरात वेगळा दिसायला लागतो, आणि खालचा गंज आत अडकून पसरत राहतो. पुन्हा भट्टीत घालण्याचा तर विचारच नको, जुने थर त्या उष्णतेत बुडबुडे धरतात. वाकलेली पाटी ठोकून सरळ करायलाही कुणाकडे देऊ नका. पत्रा सरळ होईल, काच जमिनीवर सांडलेली असेल.

बिल्ल्याचं तर मी हात जोडून सांगतो. पितळ चकचकीत करायची आपल्या घरांना सवय असते, देवाच्या भांड्यांना ते शोभतं. पण बिल्ल्यावरचे आकडे ठशाने उठवलेले असतात, आणि दर घासणीला त्यांच्या कडा थोड्या बोथट होतात. त्यावरचा तपकिरी काळपटपणा म्हणजे आजोबांच्या खाकी कोटावर काढलेली वर्षं आहेत. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस. मागच्या पिनेच्या बिजागरीत कापडाचा धागा अडकलेला असेल तर तोही राहू द्या. बाजारात चकचकीत 'ट्राम कंडक्टर' बिल्ले ढीगभर मिळतात. मुरादाबादेत पितळेचं ओतकाम उत्तम होतं आणि सजावटीसाठी असे बिल्ले, कंदील, शिट्ट्या भरपूर बनतात. त्यांच्याशी तुमच्या बिल्ल्याची तुलना करून बघा: ओतीव बिल्ल्याच्या पाठीवर वाळूचे खड्डे आणि कानशीचे ओरखडे असतात, ठशाच्या बिल्ल्याच्या पाठीवर अक्षरांचे उलटे ठसे दिसतात.

तिकिटांचा रबरबँड आजच काढा, पण ओढून नाही. जुना रबर कागदाला चिकटतो. तुटला तर तुकडे तसेच ठेवून कोरडे झाल्यावर उचला. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, आणि स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये घालू नका, ते प्लॅस्टिक काही वर्षांत घाम धरतं आणि शाई ओढून घेतं. आम्लरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. कसर लागू नये म्हणून डबा घट्ट झाकणाचा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, दर पावसाळ्यात बदललेल्या. एक तिकीट भिंगाखाली धरा. काठाने टप्प्यांचे आकडे असतील आणि एखाद्यावर पंचचं भोक असेल, तर प्रवाशाचा टप्पा त्यावरून कळतो. वापरलेली तिकिटं कंडक्टरच्या घरी सापडणं दुर्मीळ आणि न वापरलेल्या पुडक्याहून मला ती जास्त बोलकी वाटतात. रेल्वेची जाड पुठ्ठ्याची तिकिटं असतील तर ती एडमंडसन पद्धतीची, साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरची. त्यावर तारीख ठोकणाऱ्या यंत्राचा दाब बोटाला अजून लागतो.

भावाला द्यायची असेल तर थोडं थांबा. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. विजेच्या ट्रामची पहिली पंधरा-वीस वर्षं त्या रेषेपलीकडे गेलेली आहेत. तुमची पाटी नेमकी कुठल्या बाजूला पडते हे ठरेपर्यंत ती सामानात घालू नका. भावाला आत्ता हवं तर बिल्ल्याचा आणि पाटीचा उत्तम फोटो, मागच्या बाजूसकट, पाठवा.

आणखी जमवायचंय म्हणता, तर माझा सल्ला असा की सहा महिने काहीही विकत घेऊ नका. आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय पाहा, नागपूरला गेलात तर मोतीबागेतलं नॅरोगेजचं संग्रहालय पाहा, दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहा. खऱ्या वस्तूचं वजन, जाडी, अक्षरांची उंची डोळ्यात बसू द्या. मग मटण स्ट्रीटवरच्या चोरबाजारात जा. दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्या दिवशी सकाळी रस्त्यावर जो बाजार भरतो तो वेगळाच असतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. पण सगळ्यात चांगल्या वस्तू मला बाजारात मिळालेल्या नाहीत. त्या निवृत्त कंडक्टरांच्या, स्टेशनमास्तरांच्या, फिटरांच्या घरी मिळाल्या, आणि कित्येकदा विकत नाही, तर ऐकून घेतल्याबद्दल मिळाल्या.

एसटीकडे फार थोडे लोक बघतात, याचं मला वाईट वाटतं. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासूनचे बिल्ले, तिकिटांच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या, पंच, वेबिलं म्हणजे कंडक्टरच्या फेरीच्या हिशेबाचे कागद, 'विनंती थांबा' लिहिलेले पत्रे, गावांच्या नावांच्या मार्गफलकाच्या पाट्या, हे सगळं अजून हाताशी आहे आणि मशीनचं तिकीट आल्यापासून झपाट्याने भंगारात जातं आहे. गावाचं नाव पुसून त्यावरच दुसरं गाव रंगवलेली पाटी मिळाली तर तिरप्या उजेडात खालचं नाव वाचता येतं. माझ्याकडच्या एका पाटीवर असे तीन मार्ग एकावर एक आहेत. ट्रामच्या इनॅमलमागे धावणाऱ्या नव्या संग्राहकाला मी एसटीने सुरुवात कर असंच सांगतो. खिशाला परवडतं, नकली जवळजवळ नाही, आणि माहिती सांगणारी माणसं हयात आहेत.

रेल्वेच्या वस्तूंबाबत मात्र कडक राहा. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविषयीचा १९६६चा कायदा असा आहे की चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती तुम्हाला कायदेशीर मार्गाने मिळाली हे तुम्हीच दाखवायचं. पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून लिलावाची पावती, विकणाऱ्याचं नाव-तारीख लिहिलेली चिठ्ठी, निवृत्तीच्या वेळी दिल्याचं पत्र, काहीतरी कागद हवाच. एकेरी मार्गावर पुढे जायची परवानगी म्हणून चालकाला देतात तो टोकनचा गोळा, चालू सिग्नलची काच, फाटकाच्या किल्ल्या, असं काही कुणी देऊ केलं तर घेऊ नका. त्यावर माणसांचे जीव असतात. बाद झालेल्या जुन्या सिग्नलची काच रीतसर मिळाली तर जरूर घ्या आणि उजेडात धरा. हिरवी म्हणवणारी काच चक्क निळसर दिसेल. आत रॉकेलचा दिवा असायचा, त्याच्या पिवळ्या ज्योतीतून ती लांबून हिरवी दिसे.

किमतीचा आकडा मी फोटोवरून कधीच सांगत नाही, आज सांगितलेला आकडा उद्या बाजारात माझ्या नावाने फिरतो. काय वाढवतं तेवढं सांगतो. जागेचं नाव असलेली पाटी नुसत्या सूचनेपेक्षा वरची. मराठी किंवा गुजराती ओळ असलेली, नुसत्या इंग्रजीपेक्षा वरची, निदान माझ्या लेखी. टवका अक्षरात असला तर जास्त घट, कडेला असला तर किरकोळ. आणि पाटी कुठे होती, कुणाकडून कुणाकडे आली हे खात्रीने सांगता आलं, तर तीच पाटी दुसऱ्या कुठल्याही तशा पाटीपेक्षा वेगळी ठरते. हुतात्मा चौकात फाउंटनच्या कामाच्या वेळी रस्त्याखालून ट्रामचे रूळ निघाले तेव्हा लोक थांबून बघत होते, कारण ते रूळ जिथे होते तिथेच होते. तुमच्या पाटीची तीच जागा हरवलेली आहे, आणि ती आता फक्त तुमच्या आईंना ठाऊक असण्याची शक्यता आहे.

म्हणून या रविवारी आईंना पाटीजवळ बसवा आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. 'काय आठवतं?' असं विचारू नका, त्यावर माणसं 'काही नाही गं' म्हणतात. नेमकं विचारा. आजोबा पहिल्या पाळीला घरातून किती वाजता निघत? डबा कोण पोचवायचं, आणि कुठल्या नाक्यावर? कोट कुठे टांगत? सुट्टे पैसे मोजायला मुलांना बसवत का? लालबाग, सातरस्ता, धोबीतलाव, पायधुणी, किंग्ज सर्कल यातलं कुठलं नाव ते घरी जास्त घेत? ट्राम बंद झाली त्या रात्री ते कामावर होते का, आणि त्यानंतर त्यांना बसवर घेतलं का? पाटी घरी कधी आली? जे सांगतील ते तारखेसह कागदावर लिहा आणि ती चिठ्ठी सुती दोऱ्याने पाटीच्या भोकाला बांधा. पाटीच्या पाठीवर पेनाने काही लिहू नका, काही चिकटवू नका.

टांगायची झाली तर बाहेरच्या, पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर नको. आतल्या भिंतीवर, मागे अर्धा इंच हवा खेळेल अशा लाकडी पट्ट्या देऊन, पितळी स्क्रूने, दोन्ही बाजूंना फायबरचे वॉशर घालून. स्क्रू पूर्ण आवळू नका, पाटी बोटाने किंचित हलली पाहिजे.

आणि पाठीचे दोन फोटो मला हवे आहेत, एक सरळ उजेडात आणि एक बॅटरी आडवी धरून. चारपैकी वरच्या दोन भोकांभोवतीची काच जास्त फुटलेली दिसते आहे. पाठीवर पट्टीचा उभा ठसा असेल तर पाटी खांबाला होती, नसेल तर भिंतीला. आईंनी थांब्याचं नाव सांगितलं, तर या दोन गोष्टी जुळतात का ते आपण मिळून पाहू.